उसना कान

थोरलीच्या बाबांच्या दुकानावर चाळीस वर्षं एकच पाटी होती : 'आहे तसा फोटो मिळेल.' गिऱ्हाइकं त्या पाटीला हसायची. अहो, आहे तसं दिसायला घरी आरसा आहे की, त्यासाठी तुमच्या दुकानाची पायरी कशाला चढायची? बाबाही हसायचे आणि स्टूल पुढे सरकवायचे. मागे राखाडी पडदा, उजवीकडून दिवा, हनुवटी किंचित खाली, दोन्ही कान दिसले पाहिजेत. पासपोर्ट, ओळखपत्र, नोकरीचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, जिथे जिथे माणसाला स्वतःचं तोंड चिकटवून द्यावं लागतं तिथल्या कामासाठी सगळं गाव त्या एका स्टुलावर बसून गेलं. तीळ पुसा, डाग घालवा, जरा उजळ करा, असं कुणी म्हणालं की बाबा त्याला सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचे. यावरून आईने त्यांना आयुष्यभर ऐकवलं, पण पाटी काही उतरली नाही.

दुकानाचा आणखी एक नेम होता, तो पाटीवर लिहिलेला नव्हता. कुणाच्या घरचं माणूस गेलं की दोन-चार दिवसांनी घरातलं कुणीतरी दुकानात येऊन उभं राहायचं. काय पाहिजे ते बोलावं लागत नसे. बाबा वही काढायचे, नंबर शोधायचे, लोखंडी कपाटातून निगेटिव्ह काढायचे आणि मोठा फोटो करून हातात द्यायचे. एक्केचाळीस हजार निगेटिव्ह, तीन कपाटं, आणि चाळीस वर्षांत एकही माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही. बाबांकडे मिरवण्यासारखं एवढंच होतं. स्वतःहून ते मिरवत नसत, पण कुणी विषय काढला की गप्पही बसत नसत.

थोरली ही त्यांची मोठी मुलगी. तिने नऊ वर्षं एकच काम केलं : फोटो साठवण्याची नवी रीत बनवली. फोनवर, कंप्युटरवर आपण जो फोटो बघतो तो आत कुठेतरी घडी घालून, आवळून ठेवलेला असतो, आणि त्या घडी घालण्याच्या रीतीला फॉरमॅट म्हणतात. जुना फॉरमॅट तीस वर्षांचा. सगळे त्याला नावं ठेवतात आणि सगळे त्याच्याच जिवावर जगतात. त्याला घरी बसवून त्याच्या जागी आपला आणायचा, हे थोरलीचं वेड. 'हिने लग्न केलं नाही, फॉरमॅट केला,' असं धाकटा म्हणायचा. धाकटा तिचा भाऊ. तोही याच धंद्यातला, पण मोठ्या कंपनीत. अर्धं जग ज्या ब्राउझरमधून इंटरनेट बघतं तो ब्राउझर त्याची कंपनी बनवायची. तुमचा फॉरमॅट कितीही गुणी असू दे, त्या ब्राउझरने उघडला नाही तर तो तुमच्या घरी आणि तुम्ही तुमच्या घरी. आणि आठ वर्षं त्या कंपनीने थोरलीला दारातही उभं केलं नव्हतं.

तिच्या फॉरमॅटची खरी करामत एकच होती, आणि ऑफिसात सगळे तिला 'उसनवारी' म्हणत. फोटो म्हणजे शेवटी हजारो बारक्या चौकोनांची गोधडी. आता एकाच पडद्यापुढचे, एकाच दिव्याखालचे हजारो फोटो घेतले, तर पडद्याचा चौकोन सगळीकडे सारखाच. मग तो दर वेळी कशाला साठवा? एकदा साठवावा आणि बाकीच्या ठिकाणी नुसती चिठ्ठी ठेवावी, की इथला चौकोन अमुक नंबरच्या फोटोतून घ्या. शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात तसं. पडद्याचं झालं, मग कॉलरचं झालं, मग केसांचं झालं. उसनवारी जेवढी जास्त तेवढी फाइल लहान.

प्रश्न एवढाच होता, की सारखा म्हणजे किती सारखा? याचं उत्तर थोरलीने चोवीस माणसांकडून घेतलं. राखाडी रंग दिलेल्या खोलीत एकेकाला बसवायचं, एक मूळ फोटो आणि एक उसनवारीचा असे आळीपाळीने दाखवायचे आणि विचारायचं, फरक दिसतो का? चोवीसच्या चोवीस जण म्हणाले, नाही दिसत. तिथे तिने रेघ मारली : एवढा सारखा म्हणजे सारखाच. डोळ्यांत तेल घालून तिने नऊ वर्षं हजार गोष्टी तपासल्या, पण एक साधी गोष्ट ना तिच्या ध्यानात आली ना तिच्या साहेबांच्या. त्या चोवीस जणांपैकी एकालाही समोरच्या फोटोतला माणूस ओळखीचा नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी दुकान बंद केलं. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, आणि दुपारी जेवायला हाक मारणारं कुणी नाही म्हणून बाबा दुकानातून घरीच येईनासे झाले होते. कपाटं घरी आणायला घरात जागा नव्हती, आणि निगेटिव्हना आंबूस वास सुटायला लागला होता. थोरली म्हणाली, मी सगळे स्कॅन करते. चार महिने रोज बापलेक समोरासमोर बसले. बाबा निगेटिव्ह पुसून नंबर वाचायचे, ती स्कॅनरवर ठेवायची, आणि बाबा प्रत्येकाची काही ना काही गोष्ट सांगायचे. हा दर फोटोला शिंकायचा. ही नवऱ्यापासून लपून पासपोर्ट काढायला आली होती. थोरलीला बापाशी एवढं बोलल्याचं आठवत नव्हतं, आणि त्या चार महिन्यांत ती जितकी सुखात होती तितकी पुढे कधीच नव्हती.

स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह चांदी काढणाऱ्या भंगारवाल्याकडे गेल्या. बाबा जरा घुटमळले. थोरली म्हणाली, "बाबा, माझ्यावर विश्वास ठेवा." मग तिने सगळे स्कॅन आपल्या फॉरमॅटमध्ये आवळले आणि मूळ स्कॅन पुसून टाकले. धाकट्याने फोनवर बजावलं होतं, ताई, एक कॉपी बाजूला ठेव. ती म्हणाली, म्हणजे पोरीचं लग्न लावायचं आणि परतीची गाडी दारात उभी ठेवायची, असंच ना? नखाएवढ्या कार्डावर सगळं दुकान मावलं. ते तिने बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि बाबांनी ते चष्म्याच्या डबीत जपून ठेवलं. हॉलमध्ये आईचा फोटो होता, उन्हाने पार विटलेला. त्याचाही तिने कार्डावरून नवा, चकचकीत फोटो काढून फ्रेममध्ये घातला आणि जुना फेकून दिला.

बाबांच्या फोटोंनी तिचं नशीबच फिरवलं. जुन्या फॉरमॅटपेक्षा तिच्या फाइली अकरा पटींनी लहान झाल्या. अकरा पट! बाकीच्यांची धाव चौपटीच्या पुढे जात नव्हती. तिच्या कंपनीच्या प्रत्येक भाषणात बाबांची एक्केचाळीस हजार तोंडं पडद्यावर झळकू लागली. मोठ्या कंपनीचे कान टवकारले. धाकट्याने आपली तिथली सगळी पुण्याई पणाला लावली आणि वरच्यांना राजी केलं. फॉरमॅट मान्य करणाऱ्या कमिटीची तारीख ठरली. चौदा कंपन्या, चौदा मतं. एकदा मान्य झाला की तो पुढच्या तीस वर्षांसाठी गोठला, मग त्यात काना-मात्रेचाही बदल नाही.

मतदानाला बारा दिवस राहिले असताना एका सकाळी शिवणकाम करणाऱ्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा बस चालवायचा, बाबांचा जुना मित्र. तो गेल्याचं घरात कळलं होतं. बाबांनी काही विचारलं नाही. वही काढली, नंबर शोधला आणि थोरलीला हाक मारली. तिने फोटो छापून आणून दिला. काकूंनी तो मांडीवर ठेवला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत बसल्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हा कान यांचा नाही."

"असं कसं वहिनी? त्याचाच फोटो आहे."

"फोटो त्यांचाच आहे. कान त्यांचा नाही. लहानपणी कुत्र्याने पाळी तोडली होती, इथे, खालची. बत्तीस वर्षं मी या कानात बोललेय, मला माहीत नाही होय?"

बाबांनी भिंग आणलं. कान धडधाकट होता, पाळी गोल, कुठे ओरखडाही नाही. बाबांचा चेहरा उतरला, कारण त्यांनाही आठवलं. "बरोबर आहे तुमचं. मी त्याला म्हटलं होतं, मान जरा वळव. तर म्हणाला, पाटी काय लावलीय तुम्ही? आहे तसा काढा." ते भिंगातून अजून बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हा कान पाववाल्याचा आहे."

थोरलीला हसूच आलं. एक्केचाळीस हजार माणसांतून बाबा कान ओळखणार! पण फॉरमॅट तिचा होता, आणि कुठला चौकोन कुठून उसना आणला त्याची चिठ्ठी फाइलमध्ये असते, ती वाचायला तिला दोन मिनिटं लागली. डावा कान, चार चौकोन, नंबर तीन हजार एकशे चौदा. बाबांच्या वहीत त्या नंबरापुढे लिहिलं होतं : पाववाला, परवान्यासाठी. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला शरम वाटली नाही, तिला त्या काकूंचा राग आला. नऊ वर्षं, आणि ही बाई एक कान घेऊन दारात आली!

"चार दिवस द्या वहिनी," बाबा म्हणाले. काकू पिशवी उचलून गेल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाबांकडून रिकाम्या हाताने परत जात होतं, आणि बाबा त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

त्या दिवसापासून बाबा सकाळी उठले की कार्ड लावून बसायचे. एकेक चेहरा मोठा करायचे आणि शाळेच्या वहीत लिहायचे. शिक्षिकेची भुवई तिची नाही. पोस्टमनच्या गालावरचे वण गेले. जुळ्या भावांतल्या एकाचा तीळ दुसऱ्याला लागला, आता कुणाला सांगून पटणार? तीन दिवसांत सदुसष्ट जण झाले, आणि बाबांना आठवत होते तेवढेच हे. थोरलीने प्रोग्राम लिहून सगळ्यांची मोजणी केली. चेहऱ्यावरचा एक तरी चौकोन दुसऱ्याकडून आणलेली माणसं निघाली एकोणतीस हजार. तिने आकडा सांगितला तेव्हा बाबांच्या हातातला चहा गार झाला.

"निगेटिव्ह असत्या तर..." ती म्हणाली.

"त्या मी दिल्या. तू म्हणालीस आणि मी दिल्या. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस."

याहून त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाळ, हे सगळ्यांचंच असं होणार का? म्हणजे तुझं ते जगभर गेल्यावर?"

"सगळ्यांचं नाही. एकाच पद्धतीने काढलेले खूप फोटो एकत्र ठेवले की होणार. ओळखपत्रांचे, शाळांचे, हॉस्पिटलचे."

"म्हणजे जिथे माणूस ओळखायचा असतो तिथेच."

तिने त्यांच्या हातातला गार चहाचा कप काढून घेतला.

"मग सांग त्यांना," बाबा म्हणाले आणि वहीत पुढचा नंबर लिहायला लागले.

सांग त्यांना! बोलायला किती सोपं. थोरलीला उपाय माहीत होता. रेघ मागे घ्यायची, चेहऱ्याला उसनवारी बंद करायची, एका संध्याकाळचं काम. पण मग अकराचे चारच राहणार होते. तिने शनिवारी धाकट्याला घरी बोलावलं आणि स्वयंपाकघरात दार लोटून सगळं सांगितलं. त्याने फोटो बघितला, यादी बघितली, फ्रिजला टेकून उभा राहिला.

"चौपट तर आमच्याकडे आहेच, ताई. आमच्याच घरचा फॉरमॅट आहे. मग तुझा कशाला घेतील?"

"ते कळतंय मला."

"मी वरच्यांना अकरा सांगून बसलोय. माझ्या नावावर. आता जाऊन म्हणू, की माफ करा, कान चुकला?"

"पाळी तुटलेला माणूस होता तो. आता नाही."

"तो माणूसच आता नाही, ताई." बोलून गेल्यावर त्यालाच वाईट वाटलं. तो खुर्ची ओढून बसला. "हे बघ, मान्य होऊ दे. आत गेल्यावर हळूच सुधारू."

"गोठल्यावर काही सुधारता येत नाही. हे तुला मी शिकवलंय."

तो बाहेर बाबांजवळ जाऊन बसला, थोडा वेळ त्यांच्याबरोबर चेहरे बघितले आणि न जेवताच गेला. थोरलीला त्याचा रागही धड येईना, कारण जे तो बोलला ते तिचं त्याच्या आधी स्वतःशी दहादा बोलून झालं होतं. कुणाला कळणार आहे? काकूंना कळलं. पण किती काकू असणार? ती आंघोळ करताना हेच मोजायची, बसमध्ये हेच, आणि दर वेळी उत्तर आपल्या सोयीचं येतंय हे तिच्या लक्षात यायचं.

चौथ्या दिवशी काकू यायच्या होत्या. बाबांनी सकाळीच माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढायला लावला. आत बारीक ब्रश होते, काळ्या-पांढऱ्या रंगाच्या वड्या होत्या. हे सामान त्यांच्या गुरूंनी दिलेलं, पन्नास वर्षांपूर्वीचं, एकदाही न वापरलेलं. फोटोतले दोष झाकायचं सामान. बाबांनी खिडकीशी टेबल घेतलं, मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि ड्रायव्हरचा कान तोडायला बसले. दोन तास लागले. ज्या माणसाने जन्मात कुणाचा तीळ पुसला नाही त्याला शेवटी खरं दिसावं म्हणून खोटं रंगवावं लागलं, आणि हे त्याच्यावर पोटच्या पोरीने आणलं होतं. थोरली दारात उभी राहून बघत होती. तिला आत जायचा धीर झाला नाही.

काकूंनी फोटो बघितला आणि त्या तुटक्या पाळीवर बोट ठेवलं. "हां. आता हे." त्या रडल्या, बाबांच्या हातावर हात ठेवला आणि फोटो पिशवीत उभा घालून घेऊन गेल्या. बाबा ब्रश धुवायला उठले.

"एकाचा केला," ते म्हणाले. "एकोणतीस हजारांचे माझ्याच्याने नाही व्हायचे."

त्याच दुपारी थोरलीने ठरवलं.

कमिटीची बैठक एका हॉटेलच्या तळमजल्यावर होती. हिरवी चादर घातलेली लांब टेबलं, पाण्याच्या बाटल्या, चौदा पाट्या. अध्यक्ष म्हणजे जुन्या फॉरमॅटच्या जन्माच्या वेळी हजर असलेले गृहस्थ, मऊ आवाजाचे. थोरली उठली आणि साहेबांनी लिहून दिलेलं भाषण बाजूला ठेवून तिने कान पडद्यावर लावला. उसनवारीची चिठ्ठी दाखवली. पाववाला दाखवला. एकोणतीस हजारांचा आकडा सांगितला. आपली अकरा पट खोटी आहे, रेघ चुकीच्या जागी मारली आहे, आणि ती मीच मारली आहे, असं ती चौदा कंपन्यांसमोर म्हणाली. बोलताना तिचा आवाज कापला नाही याचं तिला बरं वाटलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. धाकटा टेबलाकडे बघत होता.

अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मूळ फोटो आहे का आपल्याकडे?"

"नाही. मी पुसला."

"मग मूळ कान वेगळा होता, हे कशावरून?"

"माझ्या वडिलांना आठवतं."

कुणी हसलं नाही, सगळे सभ्य लोक होते. नुसत्या खुर्च्या करकरल्या. हॉस्पिटलची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे गृहस्थ म्हणाले, आम्ही काय, आमच्याकडे उसनवारी बंदच ठेवू. दुसरे म्हणाले, मग तशी एक तळटीप घालावी, की विशेष कामांसाठी ही सोय बंद ठेवावी. तिसरे म्हणाले, फक्त कुणी मुद्दाम बंद करेपर्यंत ती चालूच असू द्या, नाहीतर अकरा पट कसे होणार? मग अध्यक्ष थोरलीकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "बाई, तुम्हाला वाटतं तुम्ही दोष सांगितलात. मला तर ही मोठी पावती वाटते. एक फरक शोधायला चाळीस वर्षं चेहरे बघितलेला माणूस लागला! याहून चांगला फॉरमॅट असतो का?"

टाळ्या पडल्या. थोरलीला वाटलं, आपल्या थोबाडीत कुणीतरी मारली आणि आता सगळे मिळून आपलं अभिनंदन करताहेत. मतदान झालं. तिला विरोधात हात वर करायचा होता, पण मत कंपनीचं होतं आणि कंपनीचा हात साहेबांच्या खांद्याला होता. चौदा विरुद्ध शून्य. टीप बेचाळिसाव्या पानावर, बारीक टायपात. लोक येऊन तिचा हात हातात घेत होते. धाकट्याने तिला मिठी मारली. तो रडत होता आणि म्हणत होता, "झालं ताई, झालं, नऊ वर्षं!" नऊ वर्षं ती याच घटकेची वाट बघत आली होती. तिने त्याच्या पाठीवर थोपटलं, कारण तसं करतात.

ती घरी पोचली तेव्हा बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले होते. मांडीवर वही नव्हती.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"घेतला त्यांनी. सगळ्यांनी. आहे तसा."

बाबांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. दुकानाच्या पाटीला हसणारी माणसं त्यांनी चाळीस वर्षं बघितली होती. "तू सांगितलंस ना, बास," ते म्हणाले. मग त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर आईचा फोटो होता, तोच नवा, चकचकीत. आई त्यात ओठांच्या एका कोपऱ्यातून हसत होती. फोटोला बसलं की तिला हसू आवरायचं नाही, आणि बाबांनी ते कधी आवरायला लावलं नाही.

"सगळे तपासले," बाबा म्हणाले, "हिला नाही तपासलं. धीर झाला नाही. आज दुपारपासून बघतोय. केस जरा वेगळे वाटतात. पदराची कड वेगळी वाटते. ते जाऊ दे. पण हसू तिचंच आहे. ते काही मी चुकायचो नाही. काय?"

थोरलीने पर्स अजून खांद्यावरून काढली नव्हती. आईच्या फोटोतली उसनवारीची चिठ्ठी तिने पहिल्याच दिवशी वाचली होती, काकू जिना उतरत होत्या तेव्हा. कपाळ आईचं. डोळे आईचे. ओठांचा डावा कोपरा, दोन चौकोन, नंबर सहा हजार दोनशे आठ. वहीत त्या नंबरापुढे नावसुद्धा नव्हतं. पासपोर्टसाठी एकदाच येऊन गेलेली कुणी बाई, परगावची. दोन वर्षं बाबा सकाळी उठून त्या बाईच्या हसण्याकडे बघून चहा घेत होते. आणि थोरलीने खूप आठवून बघितलं होतं, बारा दिवस रोज आठवून बघितलं होतं, पण आईचं खरं हसू कसं होतं ते तिलाही आता समोरच्या फोटोसारखंच आठवत होतं.

"काय ग? तिचंच आहे ना?"

भरल्या सभेत जी खरं बोलून आली होती ती थोरली बापाच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "हो बाबा. तिचंच आहे."

"तेच म्हटलं," बाबा म्हणाले. ते उठले, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि फ्रेम किंचित डावीकडे कलली होती ती सरळ केली.